मागच्या चाकाचा पगार

अप्पांना मी चुकून किंमत सांगितली.

2024 च्या जूनमधली गोष्ट. शुक्रवारची रात्र, म्हणजे साताऱ्यात शनिवारची सकाळ. आमचा आठवड्याचा फोन चालू होता. मी फोन स्पीकरवर टाकून गॅरेजमध्ये सायकलशी झटत होतो. खटखट ऐकून अप्पांनी विचारलं, "काय ठोकतोयस रे?" म्हटलं, सायकलच्या मागच्या सस्पेन्शनचा एक भाग बदलतोय. "केवढ्याला पडला?" आणि तोंडातून निघून गेलं, तीनशे चाळीस डॉलर!

पलीकडे थोडा वेळ शांतता. (गुणाकार चालू होता.) मग, "अरे, तेवढ्यात इथे पाच नव्या सायकली येतील! भाग आहे केवढा?"

"तळहाताएवढा."

"जुना मोडला होता काय?"

"नाही अप्पा. चांगला होता."

यावर ते काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात न बोलणं हेच मत असतं.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. अप्पांच्या काळ्या हर्क्युलिसला मागचं सस्पेन्शन म्हणजे कातडी सीटखालच्या दोन जाडजूड स्प्रिंगा. त्या कुरकुरायला लागल्या की खोबरेल तेलाचे दोन थेंब. संपलं मेन्टेनन्स! त्या सायकलवर त्यांनी पंचवीस वर्षं नोकरी केली आणि मला डबलसीट शाळेत नेलं. अशा माणसाला 'लिव्हरेज रेशो' समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हा आज तुम्हाला सांगतो :)

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. माउंटन बाइकच्या मागच्या सस्पेन्शनला बाहेरची लिंक लावायचं सध्या बरंच फॅड आहे. ती बहुतेकांनी घेऊ नये. मी घेतली आणि मला पश्चात्ताप नाही. ही दोन वाक्यं एकमेकांशी भांडतायत असं वाटत असेल तर चहा घेऊन बसा.

मी राहतो सिएटलच्या पूर्वेच्या उपनगरात. इकडे आठ महिने पाऊस, चिखल, देवदारासारखी उंच झाडं आणि त्यांची जमिनीवर आलेली मुळं. इसाक्वाजवळ टायगर माउंटन आहे. त्याच्या पूर्वेकडच्या सुमारे 3,000 फूट उंचीच्या माथ्यापर्यंत खडीच्या रस्त्याने घाम गाळत चढायचं आणि मग दगडधोंड्यांच्या पायवाटेने खाली यायचं, हा आमचा शनिवार. ज्यांना एवढं नको त्यांच्यासाठी जवळच डूथी हिल नावाचं माउंटन बाइक पार्क आहे, 2010 साली झालेलं. तिथे पोरंटोरं ज्या उड्या मारतात त्या बघून आपण आपलं वय आठवावं आणि शेजारच्या सोप्या वाटेने जावं.

2023 च्या ऑगस्टमध्ये मी वय आठवायला विसरलो. टायगरवरून उतरताना एका खडकावरून कमरेएवढी उडी होती. ती मी आधी वीसेक वेळा मारली असेल. या वेळी मागचं चाक खाली टेकलं, शॉक पूर्ण दबून तळाला 'ठाक्' करून आपटला, मागचं चाक उसळलं आणि मी हँडलवरून पुढे. उजवी कॉलरबोन दोन ठिकाणी मोडली. पुढचे तीन महिने सायकल बंद, शर्टाची बटणं बायकोकडून.

बायको रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने तिसऱ्या दिवशी शांतपणे एवढंच विचारलं, "सायकल चुकली की तू चुकलास? सायकल चुकली असेल तर दुसरी घे. तू चुकला असशील तर विकून टाक."

मला उत्तर माहीत नव्हतं. गंमत म्हणजे सायकल चुकली असं म्हणायची मला फार इच्छा होती. दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये बग शोधून पोट भरणाऱ्या माणसाला ही इच्छा ओळखीची असते. आपला कोड सोडून जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींवर आपला आधी संशय जातो.

तीन आठवड्यांनी, हात गळ्यात अडकवलेला असताना, गॅरेजात जाऊन डाव्या हाताने शॉकला पंप लावला. माझं वजन 86 किलो. पाठीवरच्या पिशवीसकट मला शॉकमध्ये 235 पीएसआय हवा लागते. काटा थांबला 198 वर. पंप लावताना थोडी हवा पंपाच्या नळीत जाते, ती धरली तरी चांगली तीस पीएसआय कमी. शेवटची हवा कधी तपासली होती ते आठवेना. बहुधा मे महिन्यात.

बायकोला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मग विकायची गरज नाही. पंप वापर."

खरं म्हणजे लेख इथेच संपायला हवा. बहुतेकांचा इथेच संपतो, आणि म्हणूनच म्हणतो की बहुतेकांनी लिंक घेऊ नये. 'माझी सायकल तळाला लागते', 'मागचं चाक लटपटतं' अशी तक्रार करणाऱ्या मित्रांना मी आता पहिला प्रश्न विचारतो, शेवटची हवा कधी मोजलीस? उत्तर देताना दहातले नऊ जण आभाळाकडे बघतात.

पण माझा लेख संपला नाही. कारण बरा झाल्यावर मी मोजायला लागलो.

शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक रबरी कडी असते, ओ-रिंग. शॉक दबला की ती सरकते आणि जिथवर दबला तिथेच राहते. फुकटचा लॉग! अख्खा हिवाळा मी डूथीत तोच फेरा, त्याच तीन उड्या मारत राहिलो. दर वेळी सुरुवातीला 235 पीएसआय, आणि शेवटी कडी कुठे आहे याची वहीत नोंद. सतरा फेऱ्यांत नऊ वेळा कडी शेवटाला. म्हणजे हवा बरोबर असतानाही निम्म्याहून जास्त वेळा शॉक तळाला लागत होता, आणि तेही अशा उड्यांवर ज्या या जातीच्या सायकलने हसत हसत पचवायला हव्यात.

याचं कारण समजून घ्यायला थोडं गणित लागतं. घाबरू नका, आठवीतलं आहे.

पहारीने दगड उलथताना आपण टेकू दगडाच्या जवळ ठेवतो. आपला हात वर-खाली खूप हलतो, दगड जरासाच हलतो, पण त्याच्यावर जोर मात्र कितीतरी पट पडतो. सायकलचं मागचं सस्पेन्शन हीच पहार. चाक म्हणजे हात आणि शॉक म्हणजे दगड. माझ्या सायकलचं मागचं चाक 150 मिलिमीटर वर जातं तेव्हा शॉक फक्त 60 मिलिमीटर दबतो. 150 भागिले 60, म्हणजे अडीच. हाच तो लिव्हरेज रेशो. शॉकमधल्या हवेने 250 किलोचा जोर लावला तर चाकाशी तो 100 किलोचाच भासतो.

आता खरी गंमत. हे अडीच कायम अडीच राहत नाही. चाक वर जाताना दांड्यांचे कोन बदलतात, म्हणजे जणू टेकूच सरकत जातो. चांगल्या आखणीत हा आकडा सुरुवातीला मोठा असतो आणि शेवटाकडे लहान होत जातो. सुरुवातीला मोठा म्हणून बारक्या मुळांवर चाक अलगद दबतं. शेवटी लहान म्हणून मोठ्या आपटीला शॉक जास्त विरोध करतो. सुरुवात ते शेवट यात किती टक्के घट झाली, त्याला म्हणतात प्रोग्रेशन. माझ्या सायकलचा आकडा 2.65 पासून 2.35 पर्यंत उतरायचा. म्हणजे फक्त 11 टक्के. जवळजवळ सपाट.

हे पगारासारखं आहे. शॉकचे 60 मिलिमीटर हा महिन्याचा पगार. माझी सायकल तो रोज सारख्याच हाताने खर्च करायची आणि 20 तारखेला खिसा रिकामा. मग महिनाअखेरीला पाहुणे आले (म्हणजे उडी आली) की 'ठाक्'!

पहिला उपाय स्वस्त. हवेच्या शॉकमध्ये प्लॅस्टिकचे छोटे तुकडे टाकता येतात, व्हॉल्यूम स्पेसर. आतली जागा कमी झाली की हवा शेवटी लवकर आणि जोरात दाबली जाते. माझ्या शॉकमध्ये एक होता, तीन मावत होते. तीन टाकले. पुढच्या बारा फेऱ्यांत तळाला फक्त तीनदा लागला. छान! पण मधला भाग होता तसाच मऊ, आणि शेवटचा सेंटीमीटर एकदम भिंतीसारखा. वीस तारखेपर्यंत उधळपट्टी आणि मग एकवीस तारखेला बायकोने पाकीट कुलपात ठेवावं तसं. वळणात चाक खचायचं ते खचायचंच.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की उरलेला दोष हवेत नाही, शॉकमध्ये नाही, आणि (या वेळी खरंच!) माझ्यातही नाही. तो पहारीच्या टेकूत आहे, आणि टेकू बदलायचा तर लिंकच बदलायला हवी.

लिंक म्हणजे नेमकं काय? फ्रेम आणि मागच्या दांड्या यांच्यामध्ये एक ॲल्युमिनियमचा तुकडा असतो, रॉकर. त्याला तीन भोकं. एक फ्रेमला, एक मागच्या दांड्यांना, एक शॉकला. संपूर्ण किमया या तीन भोकांमधल्या अंतरांत आणि कोनांत. पहिली दोन हलवली तर चाकाचा मार्गच बदलतो, पेडल मारताना आणि ब्रेक दाबताना सायकल कशी वागते तेही बदलतं. पण फक्त तिसरं भोक हलवलं तर चाक त्याच वाटेने जातं, फक्त शॉकला ते वेगळ्या तालात दाबतं. बाहेरच्या लिंका बनवणारे बऱ्याचदा मुख्यतः याच तिसऱ्या भोकाशी खेळतात. काही मिलिमीटरचा मामला असतो. आमच्या सिएटलचीच कॅस्केड कंपोनंट्स नावाची छोटी कंपनी निरनिराळ्या ब्रँडच्या सायकलींसाठी असे तुकडे बनवते. इतरही आहेत. मी कुणाचा घेतला हे महत्त्वाचं नाही, आणि सायकल कुठली तेही नको. कंपनीची बदनामी करायची नाहीये.

भोक कुठे पाडायचं हा या धंद्यातला कायमच भांडणाचा विषय. हॉर्स्ट लाइटनर या ऑस्ट्रियात जन्मलेल्या मोटोक्रॉसवाल्याने मागच्या खालच्या दांडीवर, चाकाच्या आसाच्या जरा पुढे, एक सांधा दिला. ब्रेक आणि सस्पेन्शन यांचं भांडण त्यामुळे बरंच मिटलं. त्याला आजही हॉर्स्ट लिंक म्हणतात. 1998 मध्ये स्पेशलाइज्डने ते पेटंट विकत घेतलं, आणि त्यानंतर अमेरिकेत विकायची सायकल असली तर बाकीच्यांना एक तर परवाना घ्या, नाहीतर सांधा जरा वरच्या दांडीवर सरकवा, असे दोनच मार्ग राहिले. दोन-चार सेंटीमीटरवरून वकील लावले गेले! 2010 नंतरच्या दशकात मुदत संपली आणि मग तो सांधा भराभर इतरांच्या सायकलींवरही दिसायला लागला. सांगायचा मुद्दा, ॲल्युमिनियम सगळ्यांकडे सारखंच असतं. माल असतो भोकांच्या जागेत.

तर नव्या लिंकने माझ्या सायकलचा आकडा 2.95 ला सुरू होतो आणि 2.25 ला संपतो. 24 टक्के प्रोग्रेशन. चाकाचा प्रवासही 150 वरून 156 मिलिमीटर झाला. कागदावर भारीच!

पण त्याच कागदावर मी जरा जास्त वेळ बसलो, आणि एक गोष्ट लक्षात आली जी जाहिरातीत कुठेच लिहिलेली नसते. उडीची सगळी ऊर्जा शेवटी शॉकच गिळतो. शॉक तोच, त्याचे 60 मिलिमीटर तेच. आतली हवा तेवढीच ठेवली तर तो पूर्ण दबताना जेवढी ऊर्जा गिळायचा तेवढीच गिळणार, मध्ये लिंक कुठलीही असो. लिंक स्वतः एक ज्यूलही गिळत नाही. पगार वाढत नाही हो! फक्त कुठल्या तारखेला किती खर्च करायचा ते बदलतं.

मग फायदा कुठून येतो? येतो तो असा. मी सायकलवर बसलो की शॉक 30 टक्के दबलेला हवा, याला सॅग म्हणतात. त्या जागी जुन्या लिंकचा आकडा होता 2.56, नवीचा 2.74. आकडा मोठा म्हणजे त्याच वजनाला शॉकवर सात टक्के जास्त जोर. तेव्हा तेवढंच दबायला हवाही सात टक्के जास्त भरावी लागते, 235 ची झाली 250. ही वाढीव हवा हाच काय तो वाढीव पगार, सात टक्के. शेवटाला आकडा 2.35 ऐवजी 2.25, म्हणजे आणखी चार टक्के जोर. दोन्ही मिळून प्रवासाच्या शेवटी चाकाशी सुमारे बारा टक्के जास्त विरोध.

बारा टक्के. शेवटच्या क्षणी. आणि ऊर्जेच्या हिशेबात सात टक्के, म्हणजे ढोबळमानाने एक मीटरच्या उडीऐवजी एक मीटर सात सेंटीमीटर. यासाठी तीनशे चाळीस डॉलर! अप्पांची शांतता मला पुन्हा ऐकू आली.

तरीही घेतली, कारण मला उडी मोठी करायची नव्हती. मला खर्चाची वाटणी बदलून हवी होती. अशा लिंका घेणाऱ्यांपैकी बरेच जण 'सहा मिलिमीटर जास्त ट्रॅव्हल' बघून घेतात, आणि मग फरक जाणवत नाही म्हणून नाराज होतात. सहा मिलिमीटर म्हणजे टायरच्या एका गोट्याची उंची. त्यात काय जाणवणार?

मला जे जाणवलं ते सांगतो. बारक्या मुळांवर मागचं चाक आता जमिनीला चिकटून राहतं. मधल्या भागात, वळणात जोर दिला की आधार मिळतो, खचत नाही. स्पेसर तीनावरून परत एकावर आणला आणि भिंत गेली. रिबाउंड एक क्लिक मंद करावा लागला. पुढच्या पंधरा फेऱ्या, त्याच डूथीत, त्याच तीन उड्या. कडी शेवटाला गेली एकदा, आणि तेव्हा मी खरोखर वाईट उतरलो होतो. चढावर काहीही फरक नाही. वेळेतही नाही. खाली यायला मला पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतो, कारण ज्या वळणाला मी घाबरून ब्रेक दाबायचो तिथे अजूनही दाबतो. त्या वळणाची लिंक कुणी विकत नाही.

आता दुसरी बाजू. माझ्या नेहमीच्या दुकानातला मेकॅनिक या प्रकाराच्या ठाम विरोधात आहे. तो म्हणतो, "कंपनीतल्या माणसांनी शॉकच्या आतल्या पत्र्या त्या लिंकचा विचार करून निवडल्या. तू एक टोक बदललंस, दुसरं तसंच ठेवलंस." अर्धं बरोबर आहे त्याचं. शॉकमधलं तेल ज्या चकत्यांमधून वाट काढतं त्यांचा कडकपणा मूळ आकड्यांना धरून ठरवलेला असतो. सुरुवातीचा आकडा वाढला की तेच तेल चाकाशी जरा कमी रोखतं. माझ्या बाबतीत हे दोन क्लिकमध्ये निभावलं. तुमच्या बाबतीत शॉक उघडून चकत्या बदलाव्या लागतील, आणि तो खर्च वेगळा.

पण उरलेलं अर्धं मला पटत नाही. कंपनीने सायकल माझ्यासाठी आखलेली नाही, कुणातरी सरासरी गिऱ्हाइकासाठी आखली. तेही दुकानाच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटं चालवून बघणाऱ्या. त्या पाच मिनिटांत सपाट आकड्याची सायकल मस्त मऊ लागते आणि आपण 'वा!' म्हणतो. तळ तिथे नसतो, तो टायगरवर असतो.

इथे माझी खरी तक्रार आहे, आणि ती एका कंपनीबद्दल नाही, साऱ्या धंद्याबद्दल आहे. कुठल्याही सायकलचं पान उघडा. पुढच्या नळीचा कोन अर्ध्या अंशापर्यंत, मागच्या दांडीची लांबी मिलिमीटरपर्यंत, सगळं तक्त्यात छापलेलं असतं. पण लिव्हरेजचा आलेख? काही कंपन्या देतात, त्यांचं कौतुक. बऱ्याच देत नाहीत. 'रेशमासारखं सस्पेन्शन' एवढं मात्र देतात. मग 'लिंकेज' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सायकलचा बाजूने काढलेला फोटो टाकून, भोकांच्या मधोमध एकेक करून टिचक्या मारून हौशी लोक स्वतः आलेख काढतात. मीही माझा तसाच काढला. जो आकडा डिझाइन करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर पहिल्या दिवसापासून आहे, तो गिऱ्हाइकाने फोटोवरून अंदाजाने शोधायचा! आमच्या धंद्यात याला डॉक्युमेंटेशन न देणं म्हणतात आणि त्यावरून शिव्या बसतात. तो एक आलेख आधी दिसला असता तर मी ही सायकल कदाचित घेतलीच नसती, आणि लिंकही नाही.

ज्यांनी हे सगळं वाचूनही घ्यायची ठरवली आहे त्यांच्यासाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. लिंक लावल्यावर सगळ्यात आधी शॉकमधली हवा पूर्ण सोडा आणि सायकल दाबून चाक अगदी शेवटापर्यंत वर न्या. टायर सीटच्या नळीला लागतोय का, लिंक फ्रेमला कुठे घासतेय का, हे डोळ्यांनी बघा. चाक जास्त वर जायला लागलंय, आणि फ्रेम त्या हिशेबाने बनलेली नाही. हे न बघता पहिल्या उडीवर कळलं तर चाक जागच्या जागी अडकेल आणि कॉलरबोनचा पुढचा धडा तुमचा. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, 'हाताला कळतं' हे इथे चालत नाही. दुसरं, शॉकची लांबी तीच पण भोक हललं, त्यामुळे सायकलची बसण्याची उंची थोडी बदलते. माझी पेडलं चारेक मिलिमीटर खाली आली आणि पहिल्या महिन्यात दगडांना दोनदा लागली. तिसरं, वॉरंटी. बाहेरची लिंक लावलेल्या फ्रेमला तडा गेला तर कंपनी हात वर करू शकते. घ्यायच्या आधी वाचा, नंतर नाही.

आणि कुणाला खरंच उपयोग होतो? माझ्या मते दोघांना. एक म्हणजे ज्याने हवा, सॅग, स्पेसर सगळं करून, लिहून ठेवून, तरी तीच तक्रार उरते तो. दुसरा, ज्याला सपाट आकड्याच्या फ्रेमवर हवेऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगचा शॉक लावायचाय. स्प्रिंग शेवटपर्यंत सारख्याच चालीने कडक होते, हवेसारखी शेवटी उसळून कडक होत नाही. तेव्हा ते काम लिंकनेच करावं लागतं. बाकीच्यांनी चाळीस डॉलरचा शॉकपंप घ्यावा.

मी स्वतः या भानगडीत तीन गोष्टींवर पैसे घातले. पंप होताच, पण काटा नीट दिसणारा नवा घेतला, 40 डॉलर. हिवाळ्यात डूथीत एका शिक्षिकेकडे दोन तास उड्या मारायला शिकलो, 90 डॉलर. तिने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की मी हवेत मागे झुकतो आणि सगळं वजन मागच्या चाकावर टाकून उतरतो. (बायकोच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हेच.) आणि तिसरी लिंक, 340 डॉलर. मला पडण्यापासून कशाने किती वाचवलं याचा क्रम लावायचा तर तो बरोबर याच ओळीत लागतो. सगळ्यात महाग वस्तू सगळ्यात शेवटी. पण बहुतेक जण खरेदी उलट टोकाकडून करतात. मीही केली असती, हात गळ्यात नसता तर. त्या तीन आठवड्यांत पडल्या पडल्या मी लिंक जवळजवळ मागवलीच होती.

ती तेव्हा आली असती तर मी ती 198 पीएसआयवर चालवली असती, आणि तळाला लागली की लिंकच भिकार आहे असं लिहून मोकळा झालो असतो.

पुढच्या उन्हाळ्यात आई-अप्पा इकडे आले. एका संध्याकाळी अप्पा गॅरेजात माझ्या हत्यारांच्या डब्यात काहीतरी शोधत होते, आणि त्यांच्या हाताला जुनी लिंक लागली. चष्मा वर करून त्यांनी ती उजेडात धरली. तीन भोकं एकेक करून बोटाने चाचपली, छर्रे फिरवून बघितले.

"हाच का तो?"

"हो."

"छान फिरतायत की छर्रे," म्हणाले. "टाकू नकोस. सायकल विकशील तेव्हा हाच लावून दे, नवा काढून घे. तीनशे चाळीसचा आहे."

तुकडा फडक्यात गुंडाळून त्यांनी डब्यात ठेवून दिला. अजून तिथेच आहे.